पांढरं बटण, पिवळं बटण

या, जवळ या. दाराशी उभे आहात ते आत सरका, भिंतीला टेकलेल्यांनी जरा पाठ सोडा. गोष्ट फार मोठी नाही, पत्र्याच्या एका डबीत मावेल एवढी आहे. पण ऐकायला येताना कानाबरोबर मनही आणावं, नाहीतर एका कानातून शिरते आणि दुसऱ्यातून निघून जाते. सुरुवात गोड आहे. शेवटी कडू लागली तर सांगणाऱ्याला बोल लावू नका. कडू घोट मापून द्यावा, एवढंच तर या गोष्टीत सांगायचं आहे.

एक शिवणकारखाना होता. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंनी मशिनी, मधून कापडाच्या गठ्ठ्यांची वाट. कुणी नुसत्या कॉलरी शिवायची, कुणी बाह्या, कुणी खिसे. असा एकेक अवयव जोडत शर्ट या टोकाकडून त्या टोकाला जायचा. त्या टोकाच्या टेबलाशी आक्का बसायच्या. चाळीस बायांवर त्यांची देखरेख होती. डोळे घारीचे, जीव मात्र गाईचा. कुणाचं मूल आजारी, कुणाची सासू रुसलेली, कुणाच्या नवऱ्याची नोकरी सुटलेली, हे सगळं आक्कांना ठाऊक असायचं. संध्याकाळी दिव्यापुढे हात जोडताना त्या बायांची नावं घेऊन देवाला सांगायच्या, "सांभाळ रे बाबा यांना."

आक्कांच्या टेबलावर पत्र्याची एक डबी असायची. मूळची ती शर्टाच्या बटणांची. दहा-अकरा वर्षांपूर्वी कॉलरीवाली डोकं दुखतंय म्हणून घरी गेली आणि सगळी रांग थांबली. मालक ओरडले, "एका डोक्यापायी चाळीस जणींचे हात बसले! आक्का, काहीतरी करा." आक्कांनी केलं. औषधाच्या दुकानातून गोळ्यांच्या पट्ट्या आणल्या. पट्ट्या डबीत मावेनात, म्हणून कात्रीने कच् कच् करून एकेक गोळी सुटी केली. दोरा कापावा तशी. त्या कात्रीखाली गोळ्यांची नावंही तुटली. कुठे दोन अक्षरं उरली, कुठे एक, कुठे काहीच नाही. उरला तो रंग. पांढरी डोकं-अंग दुखण्यावर, पिवळी सर्दी-पडशावर. बटणांच्या डबीतून निघते म्हणून बाया तिला बटणच म्हणू लागल्या. हसता हसता पडलेलं नाव, पण ते चिकटलं.

नाव बदललं की माणसाची भीती मोडते. औषध म्हटलं तर विचारावंसं वाटतं, किती घ्यायचं, कधी घ्यायचं. बटणाला कोण विचारतो? तुटलं की लावायचं.

या कारखान्यात काजंवाली एक बाई होती. शर्टाला बटणासाठी जी चीर पाडतात, तिच्या कडा दोऱ्याने भरतात, ते काज. काजं करते म्हणून तिचं नाव पडलं काजू. कॉलरीवाली चिडवायची, "नाव काजू आणि खिशात शेंगदाणा नाही!" काजू म्हणायची, "शेंगदाणा तुझ्या डोक्यात आहे गं, तो सांभाळ." नवरा रंगारी, घरांच्या भिंती रंगवायचा. सहा वर्षांची एक मुलगी, चिमणी. काजूचा हात इतका नेमका की आक्का तिची काजं तपासतच नसत. नव्या मुलींना ती शिकवायची तेव्हा एकच सांगायची, "आधी बटण मापा, मग काज कापा. अंदाजाने कात्री चालवाल तर शर्ट वाया."

शाळेच्या शर्टांचं काम आलं तो आठवडा. सोमवारी काजू आली ती डोळे लाल करून.

"आक्का, बटण द्या."

"कुठलं?"

"अंग मोडून आलंय, पांढरं द्या. आणि नाक गळतंय, तर जोडीला पिवळंही द्या. एका बटणावर शर्ट बंद होतो का कधी?"

सगळ्या हसल्या. आक्काही हसल्या आणि दोन्ही दिली.

दोन-तीन तासांनी काजू पुन्हा आली. मग पुन्हा. आक्कांनी एकदा विचारलं, "घरी जातेस का?" काजू म्हणाली, "मी गेले तर शर्ट उघडेच राहतील पोरांचे." मालक मागे उभे होते. ते म्हणाले, "याला म्हणतात कामाची माणसं!" आक्कांना काजूचा अभिमान वाटला. खरं सांगायचं तर थोडा स्वतःचाही वाटला.

घरी रंगारी तिच्यासाठी पाणी गरम करायचा आणि तापाची पुडी ढवळून द्यायचा. सकाळी एक, संध्याकाळी दोन. पुडी फोडण्याआधी त्याने विचारलंही होतं, "दिवसभरात काही औषध घेतलंस का? मग ही देत नाही."

"कुठलं औषध? एखादं बटण घेते आक्कांचं," काजू म्हणाली. चिमणी खुदकन हसली, "आई बटण खाते!" रंगारीही हसला. जेवण काजूच्या घशाखाली उतरत नव्हतं. पुडीचं गोडसर पाणी तेवढं ती पीत होती.

असे चार दिवस गेले. शुक्रवारी काजूला उलट्या सुरू झाल्या. उजव्या बरगडीखाली हात दाबून ती मशिनीवर वाकली. आक्कांनी रिक्षा बोलावली, डबी सवयीने पिशवीत टाकली आणि तिला दवाखान्यात नेलं. रंगारीही धावत आला, हाताला चुना तसाच.

डॉक्टरीणबाईंनी काजूचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं. "काही औषध घेत होतात?"

"नाही हो बाई, औषध नाही," काजू म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच.

डॉक्टरीणबाई आक्कांकडे वळल्या. "तुमच्याबरोबर कामाला असतात ना? काही गोळ्या वगैरे?"

आक्कांच्या पिशवीत डबी होती. हात पिशवीवरच होता. डोळ्यांपुढे मालक आले, अकरा वर्षं आली, 'आक्का, बटण' म्हणणाऱ्या चाळीस जणी आल्या.

"घेतली असेल एखाद-दुसरी," आक्का म्हणाल्या.

एवढंच. पाप काही दरवेळी मोठ्याने येत नाही. कधी ते 'एखाद-दुसरी' एवढ्याच अंगाचं असतं.

त्या संध्याकाळी आक्कांनी दिवा लावला, पण हात जोडवेनात. बायांची नावं घेता घेता काजूच्या नावाशी आवाज अडला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दवाखान्यात गेल्या, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरल्या आणि डबी टेबलावर उपडी केली.

डॉक्टरीणबाईंनी एकेक तुकडा उलटून पाहिला. मागच्या चंदेरी कागदावरची तुटकी अक्षरं त्या जुळवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पांढऱ्या गोळीत तापाचं औषध आहे. पिवळीतही तेच आहे, वर सर्दीचं घातलंय. नवऱ्याने पुडी दाखवली, तिच्यातही तेच. रंग तीन, औषध एकच. दिवसाला किती देत होतात?"

आक्का बोटं मोजू लागल्या. पांढरी सहा. कधी सात. पिवळी चार. घरच्या पुड्या तीन. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची संपली, तरी मोजणं संपेना.

"धडधाकट माणसाला चोवीस तासांत आठ ही शेवटची हद्द. ही बाई तर चार दिवस उपाशी होती. तिच्यासाठी त्याहूनही कमी. मापात घेतलं तर हेच औषध गुणाचं आहे, आक्का. मापाबाहेर गेलं की ते यकृत जाळतं." त्या उठल्या, नर्सला हाक मारून उताऱ्याचं औषध सुरू करायला सांगितलं. दारापाशी थांबून म्हणाल्या, "काल विचारलं होतं ना मी?"

बस्स. याहून एक शब्द जास्त नाही. पण आक्कांच्या काळजात तो सुईसारखा मोडून राहिला.

रविवारी काजू गेली.

औषधाचं प्रमाण जास्त झालं, एवढंच रंगारीच्या कानावर आलं. आणि त्याच्या माहितीत औषध म्हणून तिला काय दिलं होतं, तर त्याने स्वतःच्या हाताने ढवळलेली पुडी. आक्का सांत्वनाला गेल्या तेव्हा तो भिंतीशी बसून म्हणत होता, "मीच दिली. गरम आहे, पटकन पी म्हणालो." आक्कांनी तोंड उघडलं. खोलीत माणसं होती. तोंड मिटलं. पुन्हा कधीतरी सांगू, असं त्या मनाशी म्हणाल्या, आणि ते पुन्हा कधीतरी रोज एक दिवस पुढे सरकत राहिलं. काजूच्या मशिनीवर नवी मुलगी बसली. दवाखान्यातून परत भरून आणलेली डबी आक्कांनी खणात टाकली. बायांना सांगितलं, गोळ्या संपल्यात. हेही खोटंच. अपराध लपवायला निघालेलं माणूस खोट्याला खोटं जोडत जातं, शर्टासारखं.

चाळीस दिवस झाले असतील. सकाळच्या वेळी कारखान्याच्या दारात रंगारी उभा राहिला. खांद्यावर चिमणी, डोकं टाकून दिलेलं, गाल तापलेले.

"आक्का, पोरीला ताप भरलाय. घरात मी औषध ठेवत नाही आता. पेल्यात पुडी ढवळवत नाही मला." त्याने आवाज खाली आणला. "ती म्हणायची, आक्कांची बटणं म्हणजे काही औषध नव्हे. तर अर्धं बटण द्या हिला. लहान आहे म्हणून अर्धं."

मशिनी चालू होत्या, पण आक्कांना काही ऐकू येईना. खण उघडला, डबी बाहेर काढली. घेऊन दोन पावलं चालल्या आणि खालीच बसल्या.

"बाबा रे, हे बटण नाही. हेच औषध आहे. हेच."

रंगारीने चिमणीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तुझ्या पुडीत होतं तेच यात आहे. पांढऱ्यात, पिवळ्यात, दोन्हींत. दिवसाला दहा-दहा दिली मी तिला, माझ्या हाताने, हसत हसत. आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा डबी माझ्या पिशवीत होती. मी म्हटलं, एखाद-दुसरी. एक अख्खा दिवस घालवला मी तिचा."

शेजारची मशीन थांबली. मग तिच्या पलीकडची. बघता बघता खोली गप्प झाली.

"म्हणजे माझ्या पुड्यांनी नाही?" रंगारीने विचारलं.

"पुड्यांचाही हात आहे, खोटं नाही सांगत. पण नुसत्या पुड्या असत्या तर काजू आज इथे काजं करत असती."

त्याने अंगठ्याच्या नखावरचा सुकलेला रंग खरवडला. मग म्हणाला, "चाळीस दिवस मी तो पेला घासतोय, आक्का. आणि तुम्ही चाळीस दिवस मला बघत होतात."

आक्कांनी डबी जमिनीवर ठेवली.

चिमणी कण्हली. रंगारीने तिला सावरलं. "रडणं राहू दे. पोर तापलीय. काय करायचं ते सांगा."

"मला माहीत नाही," आक्का म्हणाल्या. अकरा वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. "चल, ज्याला माहीत आहे त्याला विचारू."

कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं. दुकानदार काकांनी हकीकत ऐकून पहिला प्रश्न केला, "वजन किती पोरीचं?" दोघंही एकमेकांकडे बघू लागले. काका म्हणाले, "मोठ्यांची गोळी अर्धी तोडली म्हणून ती लहानांची होत नाही. लहान मुलांना वजनावर माप असतं. आणि दुखण्याच्या काही गोळ्या तर तापात मुलांना मुळीच चालत नाहीत. वजन करून आणा."

कारखान्यात कापडाचे गठ्ठे तोलायचा काटा होता. कॉलरीवालीने वरचा गठ्ठा ओढून काढला, आक्कांनी पदराने काटा पुसला. चिमणी डोळे अर्धवट उघडून त्यावर बसली. "मला शिवणार का?" तिने विचारलं. हसू आलं आणि चाळीस जणींचे डोळे भरले. आक्कांनी आकडा कागदावर लिहिला, दोनदा वाचला. काकांनी मुलांच्या औषधाची बाटली दिली, सोबतच्या मापावर नखाने खूण दाखवली, दोन वेळांत किती तास सोडायचे ते लिहून दिलं. घरचा चमचा नको, दुसरी कुठलीही तापाची पुडी नको, आणि ताप उतरला नाही तर डॉक्टरांकडेच जा, असं बजावलं. रंगारीने बाटली उघडली. मग माप आक्कांनी धरलं आणि त्याने डोळ्यांच्या रेषेत आणून तपासलं.

तेवढ्यात मालक आले. "मशिनी का बंद? आणि कुणाचं काय दुखतंय? आक्का, डबी काढा की!"

आक्कांनी डबी सगळ्यांपुढे उघडली, गोळ्या कागदात बांधून काकांकडे परत द्यायला बाजूला ठेवल्या आणि टेबलावरची शर्टाची बटणं मुठीने डबीत भरली. "ही घ्या डबी. बटणांची होती, बटणांचीच राहील. आजपासून जिचं दुखेल ती बसेल, नाहीतर घरी जाईल. रांग थांबली तर थांबली."

"आणि शर्ट?"

"उघडे राहतील, मालक," आक्का म्हणाल्या. "माणूस गेल्यापेक्षा बरं."

मालक कॉलरीवालीकडे बघू लागले. तिने मशिनीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग बाहीवालीने काढला. मग खिसेवालीने.

गोष्ट इथे थांबते, आक्कांचं ओझं नाही थांबत. देव क्षमा करतो असं म्हणतात, आणि तो करतही असेल. पण आक्का संध्याकाळी दिव्यापुढे बसतात तेव्हा चाळीस नावं घेऊन झाली की एकेचाळिसाव्याशी अजूनही आवाज अडतो. त्या तो अडू देतात.

तुमच्या घरीही एखादी डबी असेल, उशाशी, फडताळात, पर्समध्ये. कात्रीने कापलेल्या, नाव नसलेल्या गोळ्यांची. तिला तुम्ही काही लाडकं नाव ठेवलं असेल. आज घरी गेलात की ती एकदा उघडा. आणि कुणी विचारलं, काय घेतलंत, किती घेतलंत, तर 'एखाद-दुसरी' म्हणू नका. तेव्हा काजूला आठवा. आधी बटण मापा म्हणायची ती, आणि तिची बटणं कुणी मापली नाहीत. तिला तेवढं आठवा.