कोरडा टॉवेल

"हात पूस," लोरीन आत्या म्हणाली.

मी पुसलेच होते, तरी पुन्हा पुसले. तिच्याशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

आमच्या मूलनिवासी जमातीच्या मत्स्यकेंद्रात, टबात एकच नर मासा होता. समुद्रातून आयडाहोच्या डोंगरापर्यंत, आमच्या ओढ्यात परतलेला यंदाचा एकुलता एक सॅमन. मादी एकही नाही. पुढेमागे एखादी येईल, तिच्यासाठी याचं वीर्य गोठवून ठेवायचं होतं. वीर्याला पाण्याचा थेंब लागला की ते जागं होतं, मिनिटभर पोहतं आणि मरतं. म्हणून माशाचं पोट आधी खडखडीत कोरडं करायचं. हे काम कायम आत्याचं.

गेल्या वर्षीही एकच नर आला होता. आमच्यात जेवणाआधी पाणी, जेवणानंतर पाणी. पहिला मान पाण्याचाच. आत्याने सवयीने ओंजळभर पाणी माशाच्या डोक्यावर घालून त्याचे आभार मानले. एक ओघळ पोटाखाली गेला, तो कुणालाच दिसला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं वळवळलं नि थांबलं. दुसऱ्यांदा वीर्य घ्यायच्या आत तो नर मेला. तिला कुणी बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

आज तिने टॉवेल माझ्या हातात दिला.

"तू कर, वेस."

"अगं, मी पुसलेलं ताटसुद्धा ओलं राहतं."

"म्हणून तर बायको पळाली तुझी." मग हळूच म्हणाली, "हात थरथरतो रे माझा. याच्या जिवावर माझा हट्ट नको."

मी माशाचं पोट पुसायला घेतलं. मी पुसत राहिलो, ती शेपूट धरून उभी राहिली. पोट दाबताच पांढरी धार पिशवीत उतरली. तपासणाऱ्या बाईंनी त्यातल्या थेंबाला मुद्दाम पाणी लावून पाहिलं, आणि मान डोलावली. जिवंत होतं. नळ्या भरून द्रव नायट्रोजनच्या पिंपात गेल्या.

"किती टिकेल?" आत्याने विचारलं.

"आपण सगळे गेलो तरी टिकेल," बाई म्हणाल्या.

"बरं झालं. मला काही ती मादी दिसायची नाही."

नर तोवर मेला होता. विणीला आलेले सॅमन मरतातच. आत्याने त्याला ओढ्यावर नेलं, काठाशी ठेवलं आणि ओंजळ भरून त्याच्या डोक्यावर पाणी घातलं, सावकाश. ते पोटावरून ओघळलं. तिने ओघळू दिलं. मग दुसरी ओंजळ भरून ती स्वतः प्याली.

टॉवेल माझ्या खांद्यावर होता. तो तिने परत मागितला नाही.