कोहळ्याच्या देठातला दोरा

नंदनवन वस्तीत गिरिधररावांच्या परसात कोहळ्याची वेल होती. बी त्यांच्या बायकोच्या, शोभाताईंच्या माहेरचं, पारशिवनीचं. मुळं यांच्या परसात, पण वेल श्रावणातच भिंतीवर चढली आणि पलीकडे शेजारच्या केशवच्या अंगणात उतरून तिथं तिनं फळ धरलं. वेलीला भिंत कुठे कळते! आणि फळ तरी केवढं! कोहळं म्हणजे आपला लाल भोपळाच; भोपळे सगळ्यांनीच पाहिलेले असतात, पण हे कोहळं दोघांनी कवेत घेतलं तरी जागचं हलत नव्हतं. पार शहराच्या दुसऱ्या टोकाहून, सदरहून लोक फोटो काढायला येऊ लागले, तशी गिरिधररावांची छाती फुगली. त्या भरात त्यांनी चारचौघांत शब्द देऊन टाकला, की केशवच्या मुलीच्या, रितिकाच्या लग्नात कोहळ्याची भाजी होईल ती याच एका फळाची.

कोहळ्याच्या भाजीवाचून आपल्याकडे लग्नाची पंगत उठत नाही, तेव्हा हा शब्द काही साधासुधा नव्हता. आचाऱ्यालाही सांगून झालं होतं. तुळशीचं लग्न लागलं की लगेच रितिकाचं होतं आणि तोवर फळ वेलीवरच पिकायला हवं होतं.

नेमकी तेव्हाच एका सकाळी वेलीनं मान टाकली. भिंतीच्या अलीकडे हातभर उंचीवर ती आडवी चिरली होती आणि पलीकडची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. गिरिधररावांनी एकदा वेलीकडे पाहिलं, एकदा भिंतीला टेकलेल्या शिडीकडे, आणि निकाल लावून मोकळे झाले. केशवकडे लग्नासाठी घर रंगवणं चालू होतं, त्यात भिंतीची ही बाजूही होती. रंगाऱ्यानं शिडी वेलीवर टेकवली असणार आणि केशवनं ती टेकवू दिली असणार. पुटपुटत ते चपला शोधू लागले. हा माणूस एरवी मुंगीलाही वाट देईल, पण कोहळ्यापायी जन्माचं बोलणं तोडेल, हे शोभाताईंना पक्कं ठाऊक होतं. आणि तोडणार कोणाशी, तर लग्नघराशी!

त्या वाकल्या. चिरेत बोट घातलं तर आत काहीतरी लागलं. तो काळा दोरा होता. वेल करंगळीएवढी असताना नजर लागू नये म्हणून त्यांनीच तो बांधला होता, नवरा चेष्टा करेल म्हणून पानाआड, त्याच्या नकळत. वेल मनगटाएवढी झाली, दोरा तेवढाच राहिला आणि तिच्या मांसात रुतत गेला. आता तो ओढून पदराआड करायला कितीसा वेळ लागणार होता? शिडी तर समोर उभीच होती. क्षणभर त्यांच्या मनात ते आलंही.

"केशवभाऊले काही म्हणू नका," त्या म्हणाल्या. "दोरा रुतला आहे. मीच बांधला होता."

गिरिधरराव एका पायात चप्पल घालून तसेच थांबले. "काहून बांधला वं?"

"लोकं येऊन येऊन पाहून राहिले होते. मले भेव लागलं."

केशवसाठी तयार ठेवलेलं ओरडणं तसंच राहिलं. त्यांनी पायातली चप्पल भिरकावली. पण जन्म विजेच्या खांबांवर लाइनमन म्हणून गेलेला, तुटलेलं दिसलं की हात आपोआप चालतो. ब्लेडनं दोरा कापला, जखमेवर राख दाबली, बांबूची कामटी लावली आणि जुन्या लुगड्याची पट्टी सैलसर गुंडाळली. मग म्हणाले, पलीकडे वेलीच्या गाठींवर माती ओढून पाणी दिलं, तर तिथंही मुळं फुटतील आणि फळाला आधार होईल.

केशवकडे शोभाताई मुद्दाम सोबत गेल्या. झालं ते आपल्या तोंडानंच सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. केशवची बायको दीपमाला ऐकता ऐकता पांढरी पडली. ती फळाजवळ बसली आणि तिनं देठावरचं मोठं पान बाजूला केलं.

"ताई, मी बी बांधला जी," ती म्हणाली.

देठावर काळ्या दोऱ्याचे दोन वेढे होते आणि ते अर्धे आत गेले होते. पोरीच्या लग्नाचं कोहळं, त्याला दृष्ट लागू नये, एवढंच त्या माउलीच्या मनात होतं. गिरिधररावांनी श्वास रोखून दोरा कापला आणि तिथंच मातीत बसकण मारली. आणखी आठवडाभर तो दोरा राहिला असता, तर देठ तुटून फळ कच्चंच सुटलं असतं आणि वेलीला पट्टी कितीही चांगली बांधली असती तरी काही उपयोग झाला नसता. आपण सकाळी गप्प बसलो असतो तर, या विचारानं शोभाताईंना घाम फुटला. दीपमालानं त्यांचा हात धरला होता. तो बराच वेळ सुटला नाही.

तीन-चार दिवसांनी दीपमालानं भिंतीवरून हाक मारली. शोभाताई कणकेच्या हातानंच धावल्या. पानं ताठ उभी होती, आणि मातीखालच्या गाठीला पांढरी, दोऱ्यासारखी मुळं फुटली होती. फळाला हात लावून त्या मनसोक्त रडल्या. मन इतकं हलकं झालं, की रडताना मधेच त्यांना हसूही आलं.

गिरिधरराव तेवढ्यात चौकात जाऊन आले. त्यांनी कागदाची पुडी बायकोच्या हातात दिली. उघडून पाहतात तर आत काळी बाहुली.

"वेलीले नको बांधू," ते दुसरीकडे पाहत म्हणाले, "भिंतीले टांग."