पंप धुतलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना फवारणी पंप आहे. पाठीवर अडकवायचा आणि हाताने दांडा मारत चालवायचा. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझी पिवळी टाकी अशी चकाकत होती की विचारू नका. पुढे पंधरा वर्षं मी आणि मालकाने मिळून काकडीचा मळा सांभाळला. "माझा पंप कधी दगा देत नाही," असं तो चारचौघांत सांगे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. माझ्या पोटात जे जाई त्याला सगळे औषध म्हणत. खरं तर ते विषच होतं.

मळ्याच्या कडेला मालकाच्या वहिनींच्या मधमाश्यांच्या आठ पेट्या होत्या. माश्या फुलांवर फिरल्या नाहीत तर काकडी धरत नाही, हे मालकाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून माश्या परतल्यावर, संध्याकाळीच तो फवारायचा. वहिनी पेट्यांची दारं लावून घ्यायच्या आणि सकाळी उघडायच्या.

एका संध्याकाळी त्याला कुठेतरी जायची घाई होती. धुण्यासाठी त्याने मला नेहमीच्या लांबच्या खड्ड्यावर नेलंच नाही. पेट्यांजवळच्या नळावर खळाखळा धुतलं आणि तिथेच ठेवून तो निघून गेला. ते पाणी वाहत जाऊन उथळ कुंडीत उतरलं. माश्यांना पाणी पिता यावं म्हणून वहिनींनी ती कुंडी जमिनीत बसवली होती. मालकाचं तिकडे लक्ष नव्हतं. माझं होतं, पण मी काय करणार?

सकाळी वहिनींनी पहिली पेटी उघडली. तहानलेल्या माश्या थेट कुंडीवर आल्या. थोड्याच वेळात त्या गवतात पडून गरगर फिरू लागल्या. वहिनींची हाक ऐकून मालक धावत आला.

"या पेटीला कसला तरी रोग लागलाय, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ऊन चढायला लागलं. बाकीच्या आधी मोकळ्या करते, नाहीतर आत गुदमरून मरतील."

मालकाने माझ्याकडे पाहिलं, मग कुंडीकडे. त्याचा चेहरा उतरला. सगळं रोगावर ढकललं असतं तर तो सहज सुटला असता. वहिनींचा हात दुसऱ्या पेटीच्या दारावर होता. माझा जीव टांगणीला लागला होता. बोल रे बाबा, लवकर बोल, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो.

"वहिनी, थांबा," तो म्हणाला. "रोग नाहीये. काल पंप मी इथे धुतला."

वहिनींनी हात मागे घेतला. "तुम्ही? अहो, तुम्हालाही हे सांगायला लागतं?" एवढंच त्या बोलल्या.

दोघांनी कुंडी मातीने बुजवली, घरातून स्वच्छ पाणी आणून दुसरीकडे ठेवलं आणि मगच सात पेट्या उघडल्या. पहिली पेटी दुपारपर्यंत सुनी झाली. मालक मेलेल्या माश्या गोळा करत होता. वहिनी त्याच्याकडे बघतही नव्हत्या.

आता मळ्यात नवा पंप आलाय आणि मी कोपऱ्यात धूळ खातोय. त्याचं वाईट वाटतं, पण त्या सकाळी वाटलं तितकं नाही. मित्रांनो, फवारणीची वेळ सांभाळता तसं पंप धुतलेलं पाणी कुठे जातं, तेही बघा. आणि चूक झालीच, तर लाजेखातर गप्प बसू नका. मालक बोलला म्हणून सात पेट्या वाचल्या. जी गेली, ती मात्र त्याला परत आणता आली नाही.