पाचवा पाट

अष्टमीला कुमारिका जमवणं हे काय दिव्य असतं, ते बडोद्यात ज्यांनी नवरात्र केलं आहे त्यांनाच ठाऊक. रात्री गरबा खेळून आलेल्या मुली दुपारपर्यंत उठत नाहीत आणि ज्या उठतात त्यांना शिकवणी असते. छाणीच्या सोसायटीत निरुपमा सकाळपासून दारोदार फिरली, तेव्हा स्वतःच्या ऋचाला धरून कशाबशा चार झाल्या. समोरच्या घरातली पाचवी "आवुं छुं काकी", येते, म्हणून पुन्हा झोपी गेली होती.

तरी पाट पाच मांडले. पुरणपोळ्या झाल्या, पानं घेतली. निरुपमा तुपाचं भांडं घेऊन बाहेर आली, तर पाचव्या पाटावर कंकू बसलेली!

सोसायटीच्या टोकाला जयवंतरावांच्या रिकाम्या घरात एका परदेशी मिशनचं काम चालायचं. मार्था नावाची पन्नाशीची गोरी बाई स्टेशनवर वाढणाऱ्या मुलींना तिथे आणून ठेवी, न्हाऊमाखू घाली, शिकवी. कंकू त्यांतलीच, ऋचाएवढी. सोसायटीने त्या मुलींना 'रखडू' म्हणायला सुरुवात केली होती, म्हणजे गुजरातीत भटक्या, उनाड. निरुपमाच्याही तोंडात तोच शब्द बसला होता. तशी निरुपमा वाईट नव्हती. कॉलेज शिकलेली होती, पण एकुलत्या एका लेकीपायी तिचा जीव सदा टांगणीला. उवा, खरूज, शिव्या, आणि त्या पोरींच्या मागावर कसली माणसं येतील कोण जाणे. 'मिशनवाले पोरी बाटवतात' ही ओरडही आधी तिनेच सुरू केली होती. त्याच संध्याकाळी आरतीनंतर सगळ्यांनी मिळून जयवंतरावांना सांगायचं ठरलं होतं, की त्या बाईला घराबाहेर काढा.

"हिला कोणी बसवलं इथे?"

"मी," ऋचा म्हणाली. "तूच म्हणालीस ना, एक कमी पडतेय."

निरुपमाने कंकूचं कोपर धरलं आणि तिला खेचून उठवलं. पोर रडली नाही. ऋचाने सांगितलं म्हणून ती आधीच पाय धुऊन बसली होती. पाटापासून दारापर्यंत तिची ओली पावलं उमटत गेली.

मार्था तिला शोधत दाराशीच आली होती. ती आधी गुजराती शिकली होती, मग मराठी, आणि बोलताना दोन्हींची खिचडी करायची. "माफ करजो बेन," ती म्हणाली. "हिची आई हिला प्लॅटफॉर्मवर बसवून गेली. आली नाही. तेव्हापासून पोर रखडली." आणि कंकूचा हात धरून निघून गेली.

चार कुमारिका जेवल्या, ओटी घेऊन गेल्या. निरुपमाने सासऱ्यांना हाक मारली. गोविंदराव, मराठीचे निवृत्त मास्तर, झोपाळ्यावरून हलले नाहीत. आज जेवायचं नाही म्हणाले.

निरुपमा भडकली. ऋचाला काही लागण झाली तर रात्रभर उशाशी कोण बसणार, तिने विचारलं. "आणि ती बाई येशूची गाणी शिकवते, ते चालतं वाटतं तुम्हाला?"

"नाही चालत. भुकेल्या पोरीला भाकरीबरोबर प्रार्थना वाढू नका, हे मी तिला तोंडावर सांगितलंय. भांडलोय तिच्याशी. ते भांडण वेगळं." गोविंदरावांचा आवाज चढला नाही. "तुला भीती, ती कंकूला बाटवील. आज कंकू आपल्या देवीपुढे पाय धुऊन बसली होती. तिला तिथून कोणी उठवलं? मार्थाने?"

निरुपमा पाचव्या पाटापुढचं पान उचलू लागली.

"मघाशी दारात मार्थाला गुजरातीतलं रखडणं म्हणायचं होतं, भटकणं. चुकून मराठी बोलून गेली. आपल्याकडे काय रखडतं गं? काम रखडतं, गाडी रखडते. कोणीतरी अडवून धरतं म्हणून. सहा वर्षांची पोर आपण होऊन रखडते का?"

बस इथे, आलेच हं, असंच कंकूची आईही प्लॅटफॉर्मवर म्हणाली असेल. हे वाक्य आपण ऋचाला बाजारात कितीदा म्हणतो, ते निरुपमाला आठवलं. ती तशीच उठून जयवंतरावांच्या त्या घराकडे गेली. कंकूला जेवायला चल म्हणाली, पदर पसरून म्हणाली. कंकू मार्थाच्या मागे दडली. "काकी मारशे," काकी मारतील, एवढंच बोलली.

कंकू आली नाही. त्या पोरीने काय म्हणून यावं?

संध्याकाळी आरती झाली. सोसायटीचे सेक्रेटरी विश्वासराव घसा खाकरून म्हणाले, सगळ्यांचं एकमत आहेच, तर जयवंतरावांनी घर खाली करून घ्यावं.

"एकमत नाही," निरुपमा म्हणाली. बायका चमकून बघू लागल्या. काल हीच सगळ्यात मोठ्याने बोलत होती.

"बाई गेली की मुली स्टेशनवर जाणार. त्यांना पोचवायला नको? विश्वासराव, तुमची मारुती काढा. मी येते बरोबर. कुठलीला कुठल्या प्लॅटफॉर्मवर उतरवायचं, ते तुम्ही सांगा. आणि खाली उतरताना त्यांनी विचारलं, की काका, परत कधी येणार, तर त्याचंही उत्तर तुम्हीच द्या."

कोणी पुटपुटलं, आपल्या धर्माचं काय? निरुपमा उसळून म्हणाली, "धर्माची काळजी असेल तर उद्यापासून रोज एकेका घराने त्यांना जेवायला बोलवा. मार्थाबेनशी गाण्यांवरून मी स्वतः भांडेन. पण आधी बोलवा!"

मग जयवंतराव हळूच म्हणाले, "घर माझं आहे. मी कोणाला काढणार नाही."

वाचकहो, आपल्या शहरांत नवे रस्ते झाले, घरोघरी केबल आली, आणि स्टेशनवरची मुलं मात्र तिथेच राहिली. परक्या मुलखातून कोणी येऊन त्यांना उचलतं, तेव्हा आपल्याला धर्म आठवतो. त्या माणसाला जाब जरूर विचारावा. पण तो हक्क दाराला कडी घालून बसणाऱ्याचा नाही. ज्याने त्या मुलाला आधी घरात घेतलं, त्याचा आहे.