डेअरीवरच्या टाचण्या

माधवीनं बिबट्याचा नकाशा केला तो कुणी सांगितलं म्हणून नव्हे. बारामतीत भाड्याच्या खोलीत बसून ती पुण्याच्या एका कंपनीचं जावास्क्रिप्टचं काम करायची, आणि त्यातही नकाशे हा तिचा जीव की प्राण. दिवाळीनंतर काटेवाडीपासून डाळजपर्यंत बिबट्याच्या बातम्या फिरायला लागल्या. एकच फोटो चार गावांच्या नावानं मोबाइलवर यायचा. खरं कुठलं, खोटं कुठलं, कुणालाच कळेना. तेव्हा सुट्टीचे दिवस खर्ची घालून तिनं एक साधं पान तयार केलं. बिबट्या दिसला की फोनवर ते पान उघडायचं, आपला नंबर टाकायचा आणि लाल बटण दाबायचं. फोन स्वतःच जागा ओळखणार, आणि नकाशावर तिथं टाचणी लागणार.

काम करता करता ती टिपणंही लिहीत होती, पुढं कुणाला असा नकाशा करायचा असेल तर उपयोगी पडावीत म्हणून. अक्षांश आधी की रेखांश आधी, यात तिनं सुरुवातीलाच घोळ घातला होता, आणि तिचं माहेर डाळज थेट नॉर्वेच्या वरच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडलं होतं. त्यावर ती एकटीच हसली होती. तो घोळ डोळ्यांना दिसला म्हणून सुधारता आला. जी चूक दिसतच नाही तिची मात्र तिला धास्ती वाटायची.

लोकांनी पान वापरलं, आणि भराभर वापरलं. पिंपळीत टाचण्या लागल्या, काटेवाडीत लागल्या, पण सगळ्यांत जास्त लागल्या डाळजमध्ये, गावातल्या दूध डेअरीपाशी. वनरक्षक राजेश्वरी रोज तो नकाशा बघायची. तिनं गावकऱ्यांशी बोलून डेअरीच्या मागं पिंजरा लावून घेतला. माधवीच्या वडिलांनी, अप्पासाहेबांनी, त्या दिवशी मुद्दाम फोन केला. लेकीच्या नकाशामुळं पिंजरा आला, हे ते गावभर सांगत होते. डेअरीकडं आता बाया एकट्या जात नाहीत, पोरांना तिकडं फिरकू देत नाहीत, असंही म्हणाले. जाता जाता त्यांनी सांगितलं की, धरणाच्या पाण्याकडच्या आपल्या उसाला अखेर तोड आलीय, ऊसतोडीची टोळी उद्या सकाळीच फडात शिरणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत माधवी नकाशा उघडून बसली. टाचण्या एकमेकींवर चढतात, नीट दिसत नाहीत, अशी तक्रार आली होती. जवळजवळच्या टाचण्यांचा एक गठ्ठा करून दाखवायचा, असं तिच्या मनात होतं. म्हणून तिनं डाळजचा नकाशा मोठा केला. आणखी मोठा केला. टाचण्या काही लांब होईनात. एक डेअरीच्या पत्र्यावर, एक अंगणात, एक फाटकात. इतका शहाणा बिबट्या, की रोज येऊन डेअरीच्या अंगणातच उभा राहतो?

बटण दाबणाऱ्यांच्या यादीतल्या पहिल्या नंबरला तिनं फोन लावला. तो बिरदेवचा होता. गावातला मेंढपाळ, घरी दोन गाई बाळगून होता. बिबट्या डेअरीच्या मागंच दिसला ना, असं तिनं विचारलं.

"डेअरीच्या मागं कुठनं?" बिरदेव म्हणाला. "पाण्याकडं दिसला की. तुमच्याच उसाच्या बांधाला. तितं रेंज न्हाय. मग दूध घालायला डेअरीवर आलो तवा बटन दाबलं."

"बाकीच्यांनी?"

"समद्यांनी तसंच की. रेंज तितंच येती."

माधवीला आपली प्रोग्रॅममधली ती एक ओळ डोळ्यांपुढं दिसायला लागली. बटण दाबलं की फोनला विचार, तू कुठं आहेस. बिबट्या कुठं होता हे तिनं कुणाला विचारलंच नव्हतं. माणूस जिथून कळवतो तिथंच त्याला जनावर दिसलं, हे तिनं मनाशी धरून टाकलं होतं. आणि ज्या उसात जनावर खरंच होतं, ती जागा तिच्या नकाशावर स्वच्छ, हिरवीगार, एकही टाचणी नसलेली. तिथंच या घडीला टोळी कोयते घेऊन उतरली असणार. बायका, माणसं, त्यांची लेकरं.

तिनं अप्पांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. लागणार कसा? तिथं रेंज नव्हती म्हणूनच तर हे सगळं झालं होतं. राजेश्वरीचा फोन नुसता वाजत राहिला. मग तिनं आईला, प्रयागबाईंना लावला, आणि एका दमात सगळं सांगायला गेली.

"मला घाबरं करू नगंस," आई म्हणाली. "नीट सांग. कुणाला काय सांगायचं?"

माधवीनं एक श्वास घेतला. "आपल्या उसात बिबट्या हाय. तोड थांबवायची आणि सगळ्यांना बाहेर काढायचं. राजेश्वरीताई डेअरीवर पिंजऱ्यापाशी असतील, त्यांना घेऊन जा."

आईनं लगेच फोन ठेवला.

माधवी स्कूटर काढून निघाली. भिगवणचा रस्ता तिला पाठ होता, पण त्या दिवशी प्रत्येक वळण नवं वाटत होतं. समोर उसाच्या ट्रॉल्या, त्यांना ओलांडायला जागा नाही. मनात एकसारखं तेच चित्र: फड तीन बाजूंनी तोडत आणला की जनावर उरलेल्या पट्ट्यात सरकत जातं, आणि शेवटी त्याला जायला जागा उरत नाही. भिगवणला थांबून तिनं आईला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. म्हणजे आईसुद्धा तिकडंच गेली होती. राजेश्वरीचाही लागेना. आता आई, अप्पा, राजेश्वरी, टोळी, सगळीच माणसं नकाशावरच्या त्या हिरव्या तुकड्यात गेली होती, आणि तिथून आवाज बाहेर येत नव्हता.

पाण्याकडच्या कच्च्या रस्त्याला लागली तेव्हा तिला लांबूनच माणसं दिसली. सगळी रस्त्यावर बसलेली. ट्रॉली अर्धी भरून उभी होती. तिनं चालत्या स्कूटरवरूनच माणसं मोजायचा प्रयत्न केला, पण किती असायला हवीत हेच तिला माहीत नव्हतं. आई दिसली, बांधावर पाय लांब करून बसलेली. अप्पा उभे होते. टोळीचा मुकादम दीपक त्यांच्याशी वाद घालत होता. अर्धा दिवस गेला, दुपारपर्यंत सगळं उरकलं असतं, कुणी काही पाहिलंय का, असं त्याचं म्हणणं. अप्पांनाही ते पटत होतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

प्रयागबाई राजेश्वरीच्या मोटारसायकलवर मागं बसून आल्या होत्या. राजेश्वरीनं आल्याबरोबर तोड बंद करवली, पण त्याच्याही आधी एक काम केलं. फडाच्या कडेला बाभळीला झोळी बांधली होती, तिच्यात दीपकची धाकटी पोर छकुली झोपली होती. ती झोळी तिनं पोरीसकट सोडून आणायला लावली. फडाचा शेवटचा पट्टा अजून उभा होता. त्याच्या कडेला मऊ मातीत ठसे होते, आणि आतून मांजरासारखा बारीक आवाज येत होता. राजेश्वरीनं सगळ्यांना लांब बसवलं. कुणी आत जायचं नाही, दगड मारायचा नाही, फटाके लावायचे नाहीत. वाट मोकळी ठेवायची.

ऊन कलेपर्यंत कुणी हललं नाही. मग पाचट सळसळलं आणि मादी बाहेर आली. तोंडात पिल्लू. क्षणभर तिनं माणसांकडं पाहिलं, आणि बाभळीखालून, जिथं सकाळी झोळी होती त्याच जागेवरून, पाण्याकडच्या झुडपात निघून गेली. पुन्हा आली, दुसरं पिल्लू घेऊन गेली. दीपकच्या बायकोनं छकुलीला इतकं घट्ट धरलं, की पोर रडायला लागली.

माधवीनं तिथंच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नकाशा चुकला होता. पिंजरा चुकीच्या जागी लागला तो तिच्यामुळं. अप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. गावभर केलेलं कौतुक त्यांना आठवत असणार.

राजेश्वरीनं मात्र लगेच विचारलं, "मग बाकीच्या गावातल्या टाचण्या?"

हा विचार माधवीच्या डोक्यात आलाच नव्हता. पिंपळी, काटेवाडी, सगळीकडं लोकांनी रेंज मिळाल्यावरच बटण दाबलं असणार. तिथंही उद्या तोडी होत्या. ती डेअरीवर आली, ओट्यावर बसली, आणि एकेका माणसाला फोन करत गेली: तुम्हाला नेमका कुठं दिसला? राजेश्वरी शेजारी उभी राहून त्या त्या गावच्या वनरक्षकांना आणि मुकादमांना कळवत होती. पिंपळीच्या एका फडातली तोड थांबवली, काटेवाडीत दुसऱ्या बाजूनं सुरू करायचं ठरलं. दोन माणसांनी फोन उचललाच नाही. त्यांच्या घरी कुणाला तरी पाठवल्याशिवाय माधवी ओट्यावरून उठली नाही. त्यानंतर तिनं सगळ्या टाचण्या काढून टाकल्या. रिकाम्या नकाशावर मोठ्या अक्षरात लिहिलं, की आजपर्यंतच्या जागा चुकीच्या होत्या, त्यांवर विसंबू नका.

पुढचे काही दिवस ती डाळजलाच राहिली. आता बटण दाबल्यावर उपग्रहाच्या फोटोवरचा नकाशा उघडायचा, आणि बिबट्या जिथं दिसला तिथं माणसानं बोट ठेवायचं. करून बघायला तिनं पहिल्यांदा बिरदेवलाच घराच्या अंगणात बोलावलं. त्यानं फोन उलटासुलटा फिरवला, देऊळ ओळखलं, रस्ता ओळखला आणि बोट नेलं ते थेट निळ्या पाण्यात. पानानं तिथं टाचणी घ्यायला नकार दिला. पाण्यातल्या जागा नाकाराव्यात, अशी ओळ माधवीनंच हुशारीनं घातली होती.

"मामा, हे पाणी हाय."

"फोटू पाऊसकाळातला आसंल," बिरदेव म्हणाला. "आता तितं हरभरा हाय."

माधवीनं वर पाहिलं. धरणाचं पाणी खरंच लांब ओसरलं होतं, आणि मागं उरलेल्या गाळात हरभरा डोलत होता. तिनं ती ओळ पुसली. मग वरपासून एकेक ओळ वाचायला घेतली. आपण आणखी काय काय मनाशी धरून चाललोय, हे शोधत. बिरदेव शेजारी बसून राहिला. आईनं दोनदा जेवायला हाक मारली, तरी तिचं वाचन संपलं नव्हतं.