भोकरच्या विहिरीचं पाणी

गुलबर्ग्याहून आलेल्या पोरीने आपले दोन्ही हात टेबलावर पसरले आणि म्हणाली, "अक्का, माझ्या हातातच दोष हाय का, तेवढं बघून सांगा."

पोरीचं नाव महानंदा. नांदेडच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत हंगामी संशोधक असलेल्या रुद्राणीचा छापील लेख वाचून ती दोन वर्षं तुरीच्या कोंबांना बाटलीत मुळं फोडू पाहत होती. लेखात लिहिलं होतं अगदी तसंच करत होती. कोंब हिरवेगार व्हायचे, मूळ म्हणून फुटायचं नाही. हिचे हात घाणेरडे, असा तिच्या गाइडने निकाल देऊन टाकला होता. दिवाळीपर्यंत मुळं दिसली नाहीत तर पीएच.डी. बंद, हेही बजावलं होतं.

रुद्राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात बघायची गरजच नव्हती. खोट पाण्यात होती, आणि ती कुणी घातली हेही तिला पुरतं ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी शेजारचं लातूर नुकतंच नवा जिल्हा झालं होतं आणि पुढच्याच उन्हाळ्यात दुष्काळाने सगळ्यांना भाजून काढलं. प्रयोगाला लागतं ते वाफेचं शुद्ध पाणी. ते घागरभर करायचं तर यंत्र थंड ठेवायला हौदभर पाणी वाहून जाणार, आणि नळाला तर टिपूस नव्हता. रुद्राणीने भोकरच्या मावशीच्या विहिरीचं मचूळ पाणी कॅन भरभरून एसटीने आणलं, कंडक्टरची बोलणी खाल्ली, पाणी गाळलं, उकळलं, बाटल्या भरल्या. आणि शुद्ध पाण्यात कधीच न फुटलेली मुळं त्या मचूळ पाण्यात फुटली! तिने लेखात सरळ लिहिलं, पाणी भोकरच्या विहिरीचं. विभागप्रमुख डॉ. शेषेराव यांनी ते खोडून वर 'दोनदा शुद्ध केलेलं' असं इंग्रजीत घातलं. विहिरीचं नाव वाचून जग हसेल म्हणाले. ती भांड भांड भांडली, पण लेख गेला तो सरांच्या सहीने.

मग काय, लेखाचा नुसता बोलबाला! पोलंडहून, जपानहून, हैदराबादहून छापील प्रती मागणारी कार्डं यायला लागली. सर ती टेबलाच्या काचेखाली मांडायचे. मुळं फुटत नाहीत असं कळवणारीही कार्डं येत, ती मात्र काचेखाली जात नसत. आता जिल्ह्याच्या वर्धापनदिनी लातूरला सरांचा भूमिपुत्र म्हणून सत्कार होता. फेटा, शाल आणि पाहुण्यांना वाटायला लेखाच्या प्रती, असा सगळा थाट.

रुद्राणीने महानंदाला हातचं काही न राखता सांगितलं.  पोर आपल्या सोललेल्या बोटांकडे बघत म्हणाली, "दोन साल मी नुसते हात धुऊन राहिले, अक्का."

ते ऐकून रुद्राणी तिला घेऊन तडक सरांच्या खोलीत शिरली. सरांनी चहा संपवत ऐकून घेतलं. सत्कार होऊन जाऊ द्या, मग बघू म्हणाले. रुद्राणीला कायम करायची फाइल याच टेबलावर पडली आहे, हेही गोड आवाजात सुचवलं. मग महानंदाकडे न बघताच म्हणाले, "या मुलीला म्हणावं, स्पिरिटने हात नीट पुसत जा."

संपलं. रुद्राणीने कोपऱ्यातला प्रतींचा गठ्ठा ओढला, सरांचंच पेन उचललं आणि त्यांच्यासमोर बसून एकेका प्रतीतलं शुद्ध पाणी खोडायला लागली. वर लिहायची, भोकरची विहीर. खाली स्वतःची सही.

"बाई, काय करून राहिलात हे? नोकरी जाईल तुमची."

"हाव सर. तुम्ही एकाच कागदावर खोडलं होतं. मला सगळ्यांवर खोडावं लागून राहिलंय."

महानंदाही पेन शोधायला लागली. रुद्राणीने तिला अडवलं, हे निस्तरायचं काम तुझं नाही म्हणाली. पहिली प्रत तिच्या हातात दिली, रिकामा कॅन दिला, मावशीचा पत्ता दिला आणि भोकरच्या गाडीला पिटाळलं.

सत्कार झाला, फेटाही बांधला गेला. प्रती वाटल्या गेल्या नाहीत, कारण वाटण्याजोगी एकही उरली नव्हती. रुद्राणीची फाइल नामंजूर होऊन परत आली. बाहेरून कार्ड आलं की ती जायच्या दिवसापर्यंत खोडलेलीच प्रत पाठवत राहिली.

दिवाळीच्या तोंडावर महानंदा स्वतः आली, एसटीत मांडीवर बाटली सांभाळत. आत तुरीचा कोंब होता आणि खाली पांढऱ्या मुळांचा गुंता. रुद्राणीने ती बाटली सरांच्या टेबलावर, काचेखालच्या कार्डांच्या बरोबर वर ठेवली आणि आपली पिशवी घेऊन आपल्या गावी, मुरुडला जाणाऱ्या गाडीत बसली.