फ्लेक्सवरचे पप्पा

हनुमंतच्या वाढदिवसाला पोरांनी कवठे येमाईच्या चौकात फ्लेक्स लावला होता. तो काही पुढारी नव्हता, सणसवाडीला कंपनीत हेल्पर होता. पण आजकाल फ्लेक्सवर झळकायला पुढारीच असावं लागतं असं कुठं आहे? गॉगल घालायला तो तयार झाला नाही, म्हणून सबंध चेहरा स्वच्छ आला होता. भरलेले गाल, मिशीतल्या मिशीत हसू. वाढदिवस सरल्यावर त्याच्या आईनं, रतनबाईनं, तो फ्लेक्स खाली उतरवला आणि मेंढरांच्या वाडग्याच्या कुंपणाला वाऱ्याच्या बाजूनं, चित्र आत करून बांधून टाकला. आता घरात मेंढरं मोजकीच उरली होती, बाकी सगळी शेती. पण चांगलं कापड वाया जाऊ देणं तिच्या रक्तातच नव्हतं.

मग सणसवाडीच्या खोलीवर गॅसचा भडका उडाला. जीव वाचला, चेहरा गेला.

दवाखान्यात त्याला पट्ट्यांत गुंडाळून ठेवलं होतं. रतनबाई दारातून थेट त्याच्याच खाटेशी आली. नर्सनं विचारलं, कसं ओळखलंत? ती म्हणाली, "मला तोंड कशाला लागतंय बाई? पोटात व्हता तवा कुठं बघितलं व्हतं?"

सगळ्यांना आईचं काळीज नसतं. तो घरी आला त्या दिवशी चार वर्षांची तेजश्री किंचाळत चुलत्याच्या घरी पळाली. मागून त्यानं हाका मारल्या. आवाज त्याचाच होता, पण पोरीनं तोंड पाहिलं होतं, आवाज तिच्या कानात शिरलाच नाही. त्यानंतर ती चुलत्याकडेच असायची, रात्री आईपाशी झोपायला आली की तो बाहेर पडवीत जायचा. बायको पूनम त्याच्याशी नीट बोलायची, औषध लावायची, जेवायला वाढायची. फक्त वाढताना नजर ताटावर ठेवायची. त्याचा त्याला राग नव्हता. आरसा त्यानंही टाळलाच होता.

कामाचं विचारायला तो कंपनीत गेला, तर गेटवरच्या हजेरीच्या मशीननं त्याला ओळखलं नाही. जवळ या, मागं सरका, सगळं करून झालं. मग साहेबानं पुढच्या महिन्यापासून यायला सांगितलं आणि त्याचा नवा फोटो भरून घेतला. चहा येईस्तोवर मशीन त्याचं नवं तोंड शिकलं होतं. एवढ्या सोप्या गोष्टीचं त्याला उगाच वाईट वाटलं.

वाडग्यात टिकली नावाची मेंढी होती. तिची आई वितानाच मेली, तेव्हा हनुमंतनं सुट्ट्या टाकून तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्यानं हाक मारली तशी ती कान टवकारून धावत आली आणि चार हात अंतरावर पाय रोवून उभी राहिली. त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, वळली, आणि फ्लेक्सखाली जाऊन मान वर करून उभी राहिली.

शेजारचे रहीमचाचा कुंपणाशी उभे होते. उभा जन्म मेंढरांच्या बाजारात गेलेला माणूस. म्हणाले, "मेंढरू तोंड इसरत न्हाई, हनुमंता. वर्सानं बी वळखतंय. म्हणून तर तुला वळखंना झालंय. मानूस इसरतंय, म्हणून निभतंय. पोरीला जरा येळ दे."

दुसऱ्या दिवशी तो फ्लेक्सच्या मागं बसला आणि हलकेच म्हणाला, "टिकले, ये." ती चित्रापाशी आली. त्यानं खालच्या फटीतून सुबाभळीचा पाला सरकवला. ती खाऊ लागली. तेवढ्यात पलीकडून, वाडग्यातून, तेजश्रीचा बारीक आवाज आला.

"पप्पा, टिकलीला खायला घालताय?"

"व्हय, बाळा."

मग रोज संध्याकाळी तेच सुरू झालं. तेजश्री फ्लेक्ससमोर मांडी घालून बसायची आणि अंगणवाडीतलं सगळं सांगायची. कुणाचा डबा सांडला, कुणी कुणाला चिमटा काढला. तो मागून हसायचा, विचारायचा, रागं भरायचा. दिवसभरात तेवढाच वेळ तो बाप असायचा, आणि तेवढ्यावर त्याला जेवण गोड लागू लागलं.

पण असं लपून किती दिवस काढायचे? एका संध्याकाळी त्यानं मनाचा हिय्या केला. बोलता बोलता फ्लेक्स सोडायचा, आवाज चालू ठेवायचा. आवाज तुटला नाही तर पोर घाबरणार नाही. त्यानं वरची एक दोरी सोडली, दुसरीच्या गाठीला हात घातला.

"पप्पा, एक सांगू?" तेजश्री आवाज बारीक करून म्हणाली. "कुणाला सांगू नका."

"सांग की."

"आपल्या घरात एक मानूस आलाय. मम्मी त्याला तुमच्या ताटात वाढती. अन् रातीला रडती. त्याला जायला सांगा ना. मंग तुमी या."

टिकली पाला चघळत होती. हनुमंतनं सुटत आलेली गाठ पुन्हा घट्ट केली, मग आधी सोडलेली दोरीही बांधली.

"सांगतो," तो म्हणाला.